साडेअकरा इंचांची पायरी

आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या अगदी समोर, एक लांबट हॉल होता. पाय गमावलेल्या माणसांना तिथे बनवलेल्या पायावर चालायला शिकवत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही नोकरी केली नव्हती, पण आवाज शाळेतला होता. समोरचा माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, ‘पुन्हा करा’ म्हणायला त्यांना अवघड वाटत नसे. मी सतरा वर्षं समोरच्या एक्स-रे विभागात होतो, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जे घडताना मी नव्हतो ते बाईंनी किंवा त्यांच्या यजमानांनी सांगितलेलं आहे.

बाईंची शिकवण्याची रीत ठरलेली होती. पहिला आठवडा दोन दांड्यांच्या मधून चालायचं, समोर पुरुषभर उंचीचा आरसा. बघायचं ते आरशात, पायाकडे नाही. मग काठी. मग रबरी चटई घातलेला उतार, आणि शेवटी लाकडी पायऱ्या. चार चढायच्या, चार उतरायच्या, प्रत्येक पायरी सहा इंचांची, दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्यांसाठी त्यांचं एक वाक्य होतं : ‘चढायला सख्खा, उतरायला सावत्र.’ सख्खा म्हणजे आपला, सावत्र म्हणजे बनवलेला. चढताना आपला पाय आधी वर टाकायचा, उतरताना बनवलेला आधी खाली टेकवायचा. वॉर्डातली माणसं हे वाक्य जेवताना, गप्पा मारताना, कशालाही लावायची. औषधाची मोठी गोळी आली की कुणीतरी म्हणणारच, ही सावत्र दिसते.

सहाव्या आठवड्यात परीक्षा. हॉलला दोन फेऱ्या, पायऱ्या, खाली पडलेला रुमाल उचलणं, आणि पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन दारापर्यंत जाणं. पाणी सांडलं की मुक्काम आठवडाभर वाढला. पास झालेल्याच्या कार्डावर बाई सही करत आणि तो माणूस घरी जाई. पुढे त्याचं काय होतं हे आमच्यापैकी कुणी विचारत नसे. विचारायला वेळ नव्हता. मागे रांग असायची.

बाईंच्या यजमानांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. ‘मी चालायला शिकवते, हे चालवायला,’ असं बाई नव्या माणसाला सांगायच्या, आणि तेवढाच त्यांचा विनोद. बिऱ्हाड स्कूलच्या ऑफिसवरच, दोन खोल्यांचं. जिन्यात दोन्ही बाजूंना रहदारीच्या खुणांचे तक्ते लावलेले, त्यामुळे दूधवाला सुद्धा ‘पुढे वळण आहे’ ते पाहूनच वर यायचा. एकुलती मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. सकाळच्या पहिल्या शिकाऊचा धडा म्हणजे बाईंना रुग्णालयात सोडणं : गल्लीतून निघणं, मोठ्या रस्त्याला लागणं, चौक ओलांडणं, फाटकाशी गाडी कडेला घेऊन थांबणं. संध्याकाळच्या शेवटच्या शिकाऊचा धडा म्हणजे त्यांना परत नेणं. बावीस वर्षं बाई अशा नवशिक्यांच्या मागे जीव मुठीत धरून आल्या-गेल्या. फाटकापासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता त्या कधी चालल्याच नव्हत्या. गरजच पडली नव्हती.

मग शिंप्याचं प्रकरण झालं.

शिंपी पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलायला मोजका. मालवाहू गाडीखाली येऊन त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. शिलाई मशीनला त्याने मोटर बसवून घेतली होती, त्यामुळे घरी बसून काम भागलं असतं. पण त्याला दुकानात जायचं होतं. घरात बसलं की गिऱ्हाईक कपडे टाकून जातं, बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. पाचव्याच आठवड्यात तो परीक्षेला उभा राहिला. पेल्यातलं पाणी हललं सुद्धा नाही. नंतर कितीतरी दिवस बाई इतरांना ऐकवायच्या, शिंप्याकडे बघितलं असतंत तर कळलं असतं.

तीन आठवड्यांनी तो तपासणीसाठी यायला निघाला आणि हॉलऐवजी माझ्या टेबलावर आला. डावं मनगट सुजून टम्म झालं होतं.

‘‘मास्तरीणबाईंना सांगू नका,’’ तो म्हणाला.

‘‘का बरं?’’

‘‘त्यांनी पास केलंय मला. वाईट दिसतं.’’

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मी फिल्म वाळत घातली आणि समोर जाऊन बाईंना सांगितलं. त्या आल्या, फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि शिंप्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

‘‘कुठे पडलात?’’

‘‘इथेच, बाहेर. बसमधून उतरून फूटपाथवर चढत होतो.’’

‘‘आधी कुठला पाय टाकला?’’

‘‘सख्खाच टाकला बाई. तुमचं वाक्य म्हणून टाकला. पण तो वर पोचेचना.’’

‘‘सहा इंच तर तुम्ही कठडा न धरता चढत होतात.’’

‘‘ते सहा नाहीत.’’

‘‘मग किती?’’

‘‘साडेअकरा.’’ बाईंचा चेहरा पाहून तो पुढे म्हणाला, ‘‘मी शिंपी आहे. इंच मला नजरेनं कळतात.’’

बाईंना ते खरं वाटलं नाही. पडलेला माणूस पायरी उंच सांगतोच, असं त्या मला बाहेर आल्यावर म्हणाल्या. तरी दुपारच्या सुट्टीत त्यांनी हॉलमधली टेप घेतली. ‘‘भाऊ, जरा चला. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं.’’

फाटकापासून बसस्टॉप दोनशे चाळीस मीटर. आम्हाला तिथवर जायला पन्नास मिनिटं लागली, कारण बाई दर चार पावलांवर वाकून काहीतरी मोजत होत्या. बसस्टॉपजवळच्या कडेची उंची साडेअकरा भरली; एका जागी बारा. पाण्याच्या चेंबरचं झाकण फरशीच्या दोन इंच वर. विजेची हिरवी पेटी फूटपाथच्या मधोमध, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये चौदा इंच जागा. झेरॉक्सच्या दुकानाच्या दोन पायऱ्या सरळ फूटपाथवर उतरलेल्या. काही फरशा पाय ठेवला की डुलत. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते, पण पलीकडे ते जिथे संपत तिथे लोखंडी कठडा होता, म्हणजे पट्ट्यांवरून नियमाने जाणारा माणूस कठड्याला जाऊन थडकणार. बाईंनी सगळं एका जुन्या केसपेपरच्या मागे लिहून घेतलं.

परत येताना मी त्यांना म्हणालो, ‘‘बाई, आपण रस्त्यात आहोत.’’

त्यांनी खाली पाहिलं. विजेच्या पेटीपाशी आम्ही दोघंही फूटपाथवरून उतरलो होतो आणि गाड्यांच्या बाजूने डांबरावरून चालत होतो. कधी उतरलो ते दोघांनाही कळलं नव्हतं. मागचे लोकही तसेच येत होते, पुढचेही तसेच जात होते.

त्या संध्याकाळी घरी जाताना बाईंनी शिकाऊला गाडी सावकाश घ्यायला सांगितली आणि सगळा रस्ताभर खिडकीतून कडा बघत राहिल्या. जेवताना त्यांनी यजमानांना विचारलं, ‘‘अहो, माणसं रस्त्यातून का चालतात?’’

‘‘शिस्त नाही म्हणून,’’ यजमान म्हणाले. ‘‘माझ्या पोरांना त्यांचाच घाम फुटतो. गिअरचा नाही.’’

‘‘आज मी चालले रस्त्यातून.’’

‘‘तू कशाला गेली होतीस?’’

बाईंनी केसपेपर पुढे केला. यजमानांनी तो नीट वाचला आणि परत दिला. ‘‘हे सरकारी काम आहे. आपण काय करणार,’’ एवढंच म्हणाले. पण ताट उचलताना पुन्हा एकदा विचारलं, साडेअकरा म्हणजे नक्की केवढं, आणि बाईंनी हाताने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बाई रुग्णालयाच्या सुताराकडे गेल्या. हा माणूस निवृत्तीला आलेला. खाटांचे पाय, खिडक्यांची दारं आणि औषधांची कपाटं यांत त्याची हयात गेली होती. बाईंनी त्याला सांगितलं की हॉलच्या रिकाम्या भिंतीलगत बाहेरच्यासारखा फूटपाथ बांधून हवा. उंचीसकट, चेंबरच्या झाकणासकट, डुलणाऱ्या फरशीसकट.

‘‘म्हणजे मोडका बांधायचा?’’

‘‘आहे तसा बांधायचा.’’

‘‘बाई, जन्मभर सरळ काम केलं. जाता जाता वाकडं करायला सांगताय.’’

पण काम हातात घेतल्यावर तो रंगला. उंच कड एका दिवसात झाली. डुलणाऱ्या फरशीने मात्र त्याचे तीन दिवस खाल्ले. ती दर वेळी तेवढीच डुलायला हवी होती, आणि कुणाला पाडायला नको होती. शेवटी त्याने फरशीच्या पोटाखाली मधोमध एक गोल पट्टी ठोकली आणि दोन्ही टोकांना रबराचे तुकडे बसवले. स्वतः तिच्यावर वीस वेळा उभा राहिला, मग मला उभं केलं. ‘‘वाकडं काम सरळपेक्षा अवघड असतं,’’ असं तो पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होता.

अधीक्षकांना हे कळलं तेव्हा ते हॉलमध्ये आले, त्या सगळ्या प्रकाराकडे बघत राहिले आणि म्हणाले, पाहुणे येतात, रुग्णालयात मोडका फूटपाथ दाखवायचा का. बाईंनी कागद पुढे केला. त्यावर ‘विशेष सराव पायऱ्या, एक संच’ असं लिहिलं होतं. अधीक्षकांनी सही केली. त्यांना त्या नावाने चाललं.

पहिले दोन महिने वाईट गेले. लाकडी पायऱ्यांवर हसत चढणारी माणसं साडेअकरा इंचांसमोर येऊन थांबत. एक पोलीस हवालदार, गडी धिप्पाड, झाकणाला अडखळला आणि दांडी धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. सहा आठवड्यांचं शिक्षण नऊ आठवड्यांचं झालं. रांग वाढली. बाईंना नवं वाक्य करावं लागलं, कारण एवढ्या उंचीला सख्खा-सावत्र पुरत नव्हता. काठी कुठे रोवायची, कंबर कशी वळवायची, कधी चढूच नये आणि वळसा घालून जावं, हे सगळं आलं. त्याचं वाक्य काही जमलं नाही. त्या नुसतंच शिकवत राहिल्या. मनगट बरं झाल्यावर शिंपी परत आला आणि तीन आठवड्यांत ती कड चढायला शिकला. त्यामुळे बाईंना आपलं बरोबर आहे असं वाटत होतं.

अशात ग्रंथपाल दाखल झाल्या. एका मोठ्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या, साखरेच्या आजारात डावा पाय गेलेला. एकट्या राहायच्या. भाचा अधूनमधून येऊन जायचा. आवाज हळू, पण शब्द एकेक नीट ठेवलेला. लाकडी पायऱ्या त्या मुकाट्याने शिकल्या. सराव-फूटपाथापाशी आणल्यावर त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

‘‘हे काय आहे?’’

‘‘बाहेरचा रस्ता,’’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘‘बाहेर हेच भेटणार, म्हणून इथेच सवय.’’

‘‘मला सवय नको.’’

‘‘सवय नको म्हणजे?’’

‘‘माझा पाय गेला, तो मी नवीन घेतला. माझ्या बाजूचं काम मी केलं. रस्त्याच्या बाजूचं काम रस्त्यानं करावं. तुम्ही मला खड्ड्यातून चालायला शिकवलंत तर तो खड्डा बुजवायचं कारणच राहणार नाही.’’

‘‘आणि तो बुजेपर्यंत तुम्ही घरात बसणार?’’

‘‘बसेन.’’

मास्तरीणबाईंनी खूप समजावलं. हवालदाराने समजावलं. ग्रंथपालांनी लाकडी पायऱ्यांची परीक्षा दिली, पेला न सांडता दारापर्यंत नेला, आणि कार्ड पुढे केलं. बाईंनी सही केली, पण त्या दिवशी त्या चहाला आल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, ती बाई हट्टी आहे. पण खड्ड्याचं ती बोलली ते खोटं नाही.’’

ग्रंथपाल खरोखरच घरात बसल्या. दीड महिन्याने बाई त्यांना बघायला गेल्या, तेव्हा दार भाच्याने उघडलं. खिडकीशी टेबल, टेबलावर पत्रांची चळत. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला दर सोमवारी एक पत्र, क्रमांक घालून. त्या सातव्या पत्रावर होत्या.

‘‘उत्तर आलं का?’’

‘‘पोच आली. सहांची.’’ ग्रंथपालांनी चष्मा काढला. ‘‘माझ्या पत्रांत मापं नाहीत. ‘फार उंच’ असं लिहिलं की त्यांना ‘नोंद घेतली’ असं लिहिता येतं. तुमच्याकडे मापं आहेत, असं तुम्हीच म्हणालात.’’

जुना केसपेपर बाईंच्या पर्समध्येच होता.

तिथून पुढे दोघींचं सुरू झालं. बाई सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन फिरायच्या आणि फोनवर आकडे सांगायच्या. ग्रंथपाल ते पत्रात बसवायच्या. थोड्याच दिवसांत माझ्यावरही पाळी आली. ग्रंथपालांनी बाईंकरवी निरोप पाठवला की एक्स-रेच्या रजिस्टरमध्ये ‘कारण’ असा रकाना असतो, त्यात फाटकाबाहेर पडून आलेले किती, ते वर्षवार हवं आहे. मी अधीक्षकांची परवानगी काढली. त्यांना वाटलं, मी बढतीच्या परीक्षेची तयारी करतोय. सात वर्षांची रजिस्टरं चाळायला मला पाच आठवडे लागले. रोज ती नावं मीच लिहिली होती. बेरीज कधी केली नव्हती. शेवटच्या वर्षात फाटक ते बसस्टॉप एवढ्या पट्ट्यात पडून आलेली माणसं एकोणतीस होती. त्यातली कृत्रिम पायाची फक्त तीन. बाकीच्यांचे दोन्ही पाय धडधाकट होते. सासूला डबा घेऊन आलेली सून, नातवंडाला कडेवर घेतलेले आजोबा, आमच्याच दोन नर्स.

ग्रंथपालांच्या एकतिसाव्या पत्रात हा आकडा गेला, आणि एका गुरुवारी वॉर्ड ऑफिसचा रस्ते विभागाचा इंजिनिअर आला. चाळिशीचा, भला माणूस, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. पत्रांना ‘स्थळपाहणी केली’ असं उत्तर द्यायचं तर स्थळ पाहायला हवं, म्हणून आलो, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

बाई त्याला आधी हॉलमध्ये घेऊन गेल्या. भिंतीकडे बघून तो म्हणाला, ‘‘हा आमचाच फूटपाथ की.’’

‘‘चालून बघता का?’’

गुडघा जखडून ठेवायचा एक पट्टा हॉलमध्ये असे, नव्या नर्सना शिकवण्यासाठी. बाईंनी तो त्याच्या पायाला बांधला आणि हातात काठी दिली. पहिल्या वेळी तो कडेशी अडकला आणि हसला. दुसऱ्या वेळी जोर लावून चढला, झाकण ओलांडलं, डुलणाऱ्या फरशीवर एकदा हात पसरले आणि पलीकडे गेला.

‘‘जमतं की,’’ तो म्हणाला.

‘‘तुमचे दोन्ही सख्खे आहेत,’’ बाई म्हणाल्या.

सुतार कोपऱ्यात उभा होता. त्याने विचारलं, ‘‘साहेब, ही उंची ठरवली कुणी? मला बांधताना रोज वाटायचं, विचारावं.’’

इंजिनिअर बाकावर बसून पट्टा सोडत होता. ‘‘आधी सहाच होती. गाड्या वर चढून उभ्या राहायला लागल्या. तक्रारी आल्या, नऊ केली. मग मोठ्या चाकांच्या गाड्या आल्या, त्या नवावरही चढायच्या. मग बाराचा ठराव झाला.’’

‘‘मग गाड्या थांबल्या?’’

‘‘बऱ्याचशा.’’

‘‘आणि माणसं?’’

त्याने जरा विचार केला. ‘‘माणसं खाली रस्त्यातून जातात,’’ तो म्हणाला.

बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला. चहा पिऊन तो बाहेर गेला आणि दोनशे चाळीस मीटर दोनदा चालला. दुसऱ्यांदा चालताना तो पेटीपाशी खाली उतरला, थांबला आणि मागे वळून पाहिलं. फाटकातून मला दिसलं.

काम सुरू व्हायला त्यानंतर चौदा महिने गेले. मंजुरी, वीज खात्याचं पत्र, पाणी खात्याचं पत्र. ग्रंथपालांची सोमवारची पत्रं चालूच होती. इंजिनिअरने एकदा बाईंना फोनवर सांगितलं की त्यांना म्हणावं, आता पंधरवड्याने लिहिलं तरी चालेल. ग्रंथपालांनी ते मानलं नाही.

मग एकदाची कड तोडली. पुन्हा सहा इंच केली आणि बसस्टॉपपाशी रस्त्यापर्यंत उतार दिला. लोखंडी कठड्याला पट्ट्यांपुरती वाट ठेवली. विजेची पेटी भिंतीत गेली. रस्ता ओलांडायची जागा डांबरापेक्षा उंच, फूटपाथच्या पातळीला आणली, म्हणजे आता माणूस सरळ जायचा आणि गाडीला चढ-उतार करावा लागायचा. गाड्या वर येऊ नयेत म्हणून उंचीऐवजी खांब रोवले. ते इतके जवळ रोवले की पहिल्याच आठवड्यात आमची चाकाची खुर्ची दोन खांबांत अडकली. एक खांब काढला, तर त्या फटीतून स्कूटर यायला लागल्या. मग मोजून छत्तीस इंचांवर लावला. स्कूटर अजूनही येतात, पण थोड्या. झेरॉक्सवाल्याच्या दोन्ही पायऱ्या गेल्या. त्याला दुकानाच्या आत पायरी करून घ्यावी लागली आणि एक कपाट काढावं लागलं. तो बाईंशी बोलायचा बंद झाला. त्याचंही चूक नव्हतं, त्याची जागा गेली होती.

बाईंच्या यजमानांचीही पंचाईत झाली. फाटकाशी गाडी थांबवायची सोय राहिली नाही. शिकाऊ आता बाईंना बसस्टॉपच्या पलीकडे सोडायचा आणि त्या चालत यायच्या. पहिल्या दिवशी यजमान स्वतः उतरले आणि त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आले. येताना त्यांच्याच स्कूलची पाटी लावलेली दुसरी गाडी त्या उंच पट्ट्यावर न थांबता गेली. त्यांनी तिचा नंबर पाहून ठेवला. त्या महिन्यापासून त्यांनी नियम केला की नव्या शिकाऊने स्टिअरिंगला हात लावण्याआधी एक धडा पायी घ्यायचा. सातेक महिने तो नियम टिकला. मग पोरं दुसऱ्या स्कूलमध्ये जायला लागली, तिथे पहिल्याच दिवशी गाडी देतात म्हणून, आणि तो बंद पडला.

पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात पडून आलेले माझ्या रजिस्टरात सहा होते. एकोणतिसाचे सहा. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘सहा कुठे पडले?’’ चौघं चेंबरच्या झाकणाशी पडले होते. ते झाकण पाणी खात्याचं, ते खाली घ्यायच्या परवानगीचं पत्र अजून यायचं होतं.

ग्रंथपाल आल्या त्या एका मंगळवारी, पाय सैल झाला होता तो बसवून घ्यायला. भाच्याने रिक्षा करतो म्हटलं, तरी त्या बसनेच आल्या. मास्तरीणबाई फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. दोनशे चाळीस मीटर यायला ग्रंथपालांना बारा मिनिटं लागली. जवळजवळ दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्यामुळे दम लागला होता आणि सख्खा पायही लटपटत होता.

‘‘कसं वाटलं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘उतार जरा घाईत संपवलाय,’’ ग्रंथपाल म्हणाल्या. ‘‘बाकी ठीक.’’ मग बाकावर बसल्या. बाईंनी त्यांच्या गुडघ्याशी हात ठेवला होता, पाय तपासायच्या निमित्ताने. दोन वर्षं बसून राहिल्याने उरलेला डावा पाय बारीक झाला होता. ती झीज पुढे पूर्ण भरून आली नाही. दोन काठ्या घ्याव्या लागल्या. मला एकदा बाई म्हणाल्या की तेव्हा माझं ऐकलं असतं तर एका काठीवर भागलं असतं. आणि लगेच म्हणाल्या, पण मग बाहेर साडेअकराच राहिलं असतं.

काम झाल्यावर अधीक्षकांनी बाईंना बोलावून सांगितलं की आता बाहेर नीट झालंय, तर हॉलमधला तो संच काढून टाकावा, जागा अडते. बाईंनी त्या वेळी दाखल असलेल्या एकतीस जणांच्या पत्त्यांची यादी नेली. त्यातला एकही जण रुग्णालयाच्या रस्त्यावर राहत नव्हता. अधीक्षकांनी यादी वाचली आणि संच राहू दिला.

शिंप्याचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथली कड अजूनही उंच आहे, आणि तो ती रोज दोनदा चढतो. मध्यंतरी एक पँट आखूड करायला मी त्याच्याकडे गेलो होतो. मनगट पावसाळी हवेत दुखतं म्हणाला. दुकानाबाहेर दोन माणसं वाकून काहीतरी मोजत होती. एक मास्तरीणबाई, निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते, आणि टेपचं दुसरं टोक धरलेले त्यांचे यजमान. गाडी त्यांनी दोन गल्ल्या अलीकडे लावली होती. यजमान घामाघूम झाले होते आणि म्हणत होते की उन्हाआधी आटपलं तर बरं. बाईंनी मला पाहिलं, मान हलवली आणि आकडा लिहून पुढच्या फरशीकडे गेल्या.